मोठ्या डॉक्टरांची पेशंट

३ फेब्रुवारी, सोमवार

हे आज रागात घरी आले. आवाज नाही, आदळआपट नाही — ह्यांचा राग तसा नसतोच. बूट नेहमीपेक्षा नीट लावून ठेवले, हात दोनदा धुतले आणि जेवताना 'मीठ कमी आहे' असंसुद्धा म्हणाले नाहीत. मीठ कमी होतं. मी मुद्दाम चाखून पाहिलं.

जेवण झाल्यावर खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे टाकला. "वाच. चुका काढायचं कामच आहे तुझं."

एका पानाचा मजकूर. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला आलेल्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं सांभाळायचं — औषध कुठलं आणि कधी, पाणी कधी, खाणं कधी, उठवायचं कधी, घरी सोडायचं कधी. सगळ्यांना एकच पद्धत, डॉक्टर कुणीही असो. खाली हॉस्पिटलातल्या तिन्ही सर्जनच्या सह्यांची जागा. त्यातली एक झालेली. चिमणीची.

चिमणी म्हणजे ह्यांची विद्यार्थिनी. शिकायला आली तेव्हा एवढीशी होती, ऑपरेशनच्या टेबलापाशी पायाखाली लाकडी पायरी घेऊन उभी राहायची. नाव ह्यांनीच ठेवलं. आता ती तिथेच सर्जन आहे, दोन मुलांची आई आहे, पण आमच्या घरात चिमणीच. तिसरे ते टक्कलवाले डॉक्टर. त्यांचं म्हणणं, मोठ्या डॉक्टरांची सही झाली की माझी झालीच समजा. मोठे डॉक्टर म्हणजे हे. तेव्हा घोडं अडलंय ते आमच्याच दारात.

मी वाचलं. एक वेलांटी चुकली होती, तेवढी सांगितली.

"एवढंच?" हे म्हणाले.

म्हटलं, बाकीचं मला काय कळतंय. पण कळलं होतं थोडंफार. पटलंही होतं. बोलले नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

बागकामाच्या पुस्तकाची प्रुफं आली. लेखकमहाशयांनी 'कुंडी' चार तऱ्हेने लिहिलीय — ऱ्हस्व-दीर्घाचे जेवढे प्रकार शक्य आहेत तेवढे सगळे! छापखान्याच्या मालकांना घाई आहे. त्यांना कधी नसते?

ह्यांची सही अजून नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी चिमणी आली. काकू, चहा टाका म्हणाली आणि सरळ ह्यांच्यासमोर जाऊन बसली. मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होते. दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं.

तिचं म्हणणं साधं आहे. दुर्बिणीतून ऑपरेशन तिघंही सारखंच करतात, फरक पडतो तो नंतरच्या वागवण्यात. मोठ्या डॉक्टरांच्या पेशंटला पोटात गुरगुर ऐकू येईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, कुशीतून एक नळी काढलेली, इंजेक्शनं दिवसचे दिवस. टक्कलवाल्यांच्या पेशंटला दुसऱ्या दिवशी चहा. तिच्या पेशंटला त्याच संध्याकाळी सूप. आजार एक, वॉर्ड एक, कायदे तीन. नर्स ड्यूटीवर आली की पेशंट कसा आहे हे विचारत नाही, आधी विचारते — कोणाचा पेशंट? गेल्या महिन्यात एका नव्या नर्सने गोंधळून ह्यांच्या पेशंटला पाणी दिलं आणि कळल्यावर रडत बसली. त्याच दिवशी चिमणीचा पेशंट दिवसभर उपाशी राहिला. कारण काय? तर तो ह्यांचा वाटला!

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझे पेशंट बरे होतात ना?"

"होतात, सर."

"मग?"

चिमणी कपात बघत राहिली. "बरे होतात. पण उगाच उपाशी राहून बरे होतात."

मला वाटलं, आता पडणार ठिणगी. पण ह्यांनी तिच्या मुलांची चौकशी केली, फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत आल्यावर माझ्यावर घसरले. "पेशंट म्हणजे काय छापील पुस्तक आहे? सगळ्या प्रती सारख्या काढायला?"

हा टोला मला होता. मी खाल्ला. कारण मला ह्यांची गोष्ट माहीत आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी ह्यांच्या एका पेशंटला — शिंपी होता तो — ऑपरेशननंतर लवकर खायला दिलं. त्याचं पोट फुगलं, पुन्हा उघडावं लागलं, कसाबसा वाचला. तेव्हापासून ह्यांच्या हाताखालचा प्रत्येक माणूस त्या शिंप्यासाठी उपाशी राहतो. हट्ट नाही तो. भीती आहे. पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

कालपासून बेंबीभोवती दुखतंय. जेवण नको वाटतं. ह्यांना सांगितलेलं नाही. डॉक्टरच्या घरात पोट दुखणं म्हणजे पोलिसाच्या घरात चोरी!

१० फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

दुखणं उजवीकडे सरकलंय. वाकून चालत होते ते ह्यांनी पाहिलं. चहाचा कप खाली ठेवला, आडवी हो म्हणाले, पोट दाबलं आणि हात झटकन काढला. मी किंचाळले. ह्यांचा चेहरा पांढरा पडला.

गाडी काढतायत. प्रुफं टेबलावर तशीच. वही पर्समध्ये टाकते.

११ फेब्रुवारी, मंगळवार, हॉस्पिटल

जिवंत आहे. लिहिते आहे. म्हणजे चांगलीच जिवंत आहे.

अपेंडिक्सच निघालं. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल जेवताना ऐकत आले ते माझ्याच पोटात सुजून बसलेलं! आपल्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही असा ह्यांच्यात दंडक आहे, आणि दंडक नसता तरी ह्यांच्याने झालं नसतं. चिमणीने केलं. गुंगी येण्याआधी तिने माझा हात धरला होता एवढं आठवतं. जाग आली तेव्हाही ती तिथेच. "काकू, झालं. छान झालं." किती बरं वाटलं म्हणून सांगू! जिला आपण जेवायला वाढलं, जिच्या लग्नात मिरवलो, तिच्या हातात आपला जीव सुखरूप. असं भाग्य कितीजणांना मिळतं?

एकटीची खोली रिकामी नव्हती. दोन कॉटची मिळाली. दुसऱ्या कॉटवर एक तिशीची बाई. एका लाँड्रीत इस्त्री करते, दिवसभर उभी. माझ्यामागोमाग पोट धरून आली, तिचंही अपेंडिक्सच. माझं ऑपरेशन चालू असताना ह्यांना बाहेर बसवेना, म्हणून हिची केस ह्यांनी घेतली. मला हे नंतर कळलं. तिला मात्र मी कोण ते ठाऊक नव्हतं.

काल संध्याकाळी मोठ्या सिस्टरनी मला उठवून बसवलं, दारापर्यंत चालवलं. त्या वॉर्डाच्या प्रमुख. आवाज करडा, पण पाठीवरचा हात मऊ. दुखलं, पण चालता येतंय याचाच आनंद. मग सूप आलं. तेवढ्यात हे आले. माझ्या कानाशी वाकून कुजबुजले, "आज काही खाऊ नकोस. मी चिमणीला सांगतो."

सिस्टर मागेच उभ्या. "सर, त्या मॅडमच्या पेशंट आहेत."

हे आल्यापावली परत गेले. चिमणीच्या हाताखाली मी, आणि ह्यांचं माझ्यावर काही चालेना! हसू आलं, टाके दुखले.

मी सुपाचा पहिला घोट घेतला आणि शेजारून आवाज आला.

"ताई, कशाचं आहे हो सूप? नुसतं सांगा. वासावर भागवते मी."

थट्टेतच म्हणाली. तिचे ओठ सुकून पापुद्रे निघालेले. कुशीतून नळी, नळीला बाटली, त्यामुळे कुशीवर वळायचीही सोय नाही. तिला विचारलं, तुला नाही का दिलं? तर म्हणते कशी, "मी मोठ्या डॉक्टरांची पेशंट आहे ना. ते फार काळजी घेतात. देवमाणूस आहेत हो. माझ्या भावाला बरणीतलं अपेंडिक्स दाखवून सगळं समजावून सांगितलं."

अभिमानाने सांगत होती. सूप संपवलं, सिस्टर समोर होत्या म्हणून. पण भिंतीकडे तोंड करून संपवलं, चोरासारखं.

ती रात्रभर तळमळत होती. दुखण्याने नव्हे, दुखण्याचं औषध चालू होतं. भुकेने.

आज सकाळी मला चहा आणि टोस्ट. तिला कापसाचा ओला बोळा. मी टोस्टवर बशी पालथी घातली. मग हे राउंडला आले. मला बघितलं, खूश दिसले. तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "अजून नाही, बाळ. उद्या बघू."

"बरं, डॉक्टर," ती म्हणाली. शाळेतल्या मुलीसारखी.

मग मला राहवेना. "अहो," म्हटलं. इस्त्रीवालीने चमकून माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "माझं पोट आणि हिचं पोट, फरक काय आहे दोन्हींत?"

हे हळू आवाजात म्हणाले, "ती माझी पेशंट आहे. मी तिची काळजी घेतोय."

"आणि मी? माझी कोणी घेत नाहीये का? काल तुम्ही खाऊ नको म्हणालात, मी खाल्लं. मला झोप लागली. हिला लागली नाही. हिने मला सूप कशाचं आहे ते विचारलं, आणि तुमची बायको म्हणून मला सांगायची लाज वाटली."

"एकदा असं झालं होतं —" ह्यांनी सुरुवात केली.

"ठाऊक आहे मला. तो शिंपी तेव्हाचा आहे. ही बाई आजची आहे."

सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या, बाहेर भिंत होती तरी. हे स्टेथोस्कोप गुंडाळत राहिले, गुंडाळून झाला तरी. मग गेले.

इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत ह्यांना असं कधी बोलले नव्हते.

त्याच दिवशी, दुपारी

हे परत आले. एकटे. तिच्या कॉटपाशी खुर्ची ओढून बसले, हातमोजे घातले, नळी स्वतः काढली. "थोडं ओढल्यासारखं होईल," म्हणाले. मग सिस्टरना म्हणाले, "हिला पाणी द्या. ठीक राहिलं तर सूप."

माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी रडले असते.

तिने सूप प्यायलं. दोन्ही हातांनी कप धरून. मी म्हटलं, नुसतं मिठाचं पाणी आहे गं, माझ्याकडे चांगलं करून घालीन तुला. "ताई," म्हणाली, "याच्यापुढे काही चांगलं असतं असं मला आत्ता सांगू नका."

मग संध्याकाळी आम्ही दोघी एकमेकींना धरून दारापर्यंत चाललो. कोण कुणाला आधार देतंय ते सांगणं कठीण!

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरी आले! स्वतःच्या कॉटवर, स्वतःच्या पांघरुणात.

निघण्याआधी मोठ्या सिस्टर हातातली सुई काढायला आल्या आणि कानाशी लागल्या. काल सकाळी आमच्या खोलीतून हे गेले ते सरळ त्यांच्या टेबलापाशी. कागद मागितला, चष्मा लावला, उभ्याउभ्याच सही केली. म्हणाले, "त्या शेजारच्या कॉटवालीपासूनच सुरू करा." सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे सगळंच ना, सर? शेवटची ओळसुद्धा?" शेवटची ओळ अशी, की काढलेलं प्रत्येक अपेंडिक्स लॅबमध्ये तपासायला जायलाच हवं. मीच वाचली होती की ती, पण डोक्यात राहिली नव्हती.

हे म्हणाले, "तिची बरणी तर मी टाकून द्या म्हटलं होतं." ह्यांची पद्धत तीच — नातेवाइकांना दाखवायचं, नजरेखालून घालायचं, टाकायचं. पण ऑपरेशन थिएटरच्या वॉर्डबॉयला त्या दिवशी दात दुखतोय म्हणून घरी सोडलं होतं. बरणी औषधाच्या पाण्यात तशीच ओट्यावर. चिमणी सिस्टरांच्या टेबलापाशीच होती. हे तिला हसून म्हणाले, "सुजलेलं अपेंडिक्स आहे, आंधळ्यालाही दिसेल. त्यात तपासायचं काय?" ती म्हणाली, "सर, सगळ्यांचं जातं. काकूंचंही गेलंय."

"बरं बाई, पाठव," हे म्हणाले.

सिस्टर हसत होत्या. "तुमचं अपेंडिक्स पुढे, तिचं मागे. तिकडेही शेजारणीच तुम्ही!"

मला सोडायची वेळ आली तेव्हा ह्यांची पुन्हा चुळबूळ. आणखी एक दिवस राहू द्या, इंजेक्शन चालू ठेवा, वय झालंय हिचं. सिस्टरनी शांतपणे मोजून दाखवलं — खातात, चालतात, ताप नाही, गोळीवर दुखणं थांबतं. "घरी जायचं, सर. तुमचीच सही आहे."

इस्त्रीवालीने निरोप देताना माझा हात सोडला नाही. तिलाही उद्या सोडणार आहेत. नाहीतर ह्यांच्या हिशेबाने ती पुढचा सोमवार तिथेच बघती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांनी भात केला. खालून करपला, वरून कच्चा. दोनदा मागून घेतला मी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

हॉस्पिटलातून सिस्टरांचा फोन. ताप आहे का, जेवताय का, जखम कशी आहे. मी म्हटलं, अहो, घरात सर्जन आहे माझ्या. म्हणाल्या, "सगळ्यांना करतो. आत्ताच तुमच्या शेजारणीला केला, तिलाही हेच विचारलं."

फोन ठेवल्यावर उगाचच बसून राहिले. डॉक्टरांची बायको म्हणून आयुष्यभर लोकांनी पुढे बसवलं, आधी वाढलं. पण सगळ्यांना मिळतं तेच आपल्याला मिळालं आणि ते इतकं चांगलं होतं, याचं समाधान वेगळंच आहे. कोणाचं काढून घेतल्यासारखं वाटत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रुफं संपवली. सगळ्या कुंड्या एका मापाच्या केल्या!

इस्त्रीवालीचा फोन आला होता. लाँड्रीचे मालक भले आहेत, काही आठवडे तिला नुसत्या घड्या घालायला ठेवलंय. जड इस्त्री उचलायची नाही. सुगंधी वाफेत बसून पगार मिळतोय, म्हणाली, अपेंडिक्स आधीच का नाही सुजलं!

टक्कलवाल्यांचीही सही झाली. हे जेवताना सांगत होते, वॉर्डात आता शांत असतं. 'कोणाचा पेशंट' असं कोणी विचारत नाही. कॉट लवकर मोकळ्या होतात, म्हणून बाहेर बाकावर ताटकळणाऱ्यांना जागा मिळते. आणि काल त्या नव्या नर्सने — रडलेल्या — ह्यांच्या पेशंटला ह्यांना न विचारता सूप दिलं. बरोबर दिलं. हे तिला शाबास म्हणाले.

"चिमणीला सांगितलंत का, तिचं बरोबर होतं म्हणून?" मी विचारलं.

"तिला काय सांगायचंय. तिला ठाऊक आहे."

पण दुसऱ्या घासाला म्हणाले, "उद्या सांगतो."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी चिमणीचा फोन. ह्यांनी घेतला. नुसतं हं, हं, म्हणत होते. मग खुर्ची चाचपून बसले.

मला वाटलं, माझं काहीतरी. म्हटलं, सांगून टाका.

"तुझा रिपोर्ट साधा आहे," हे म्हणाले. "तिचा नाही."

अपेंडिक्सच्या अगदी मुळाशी गाठ होती. बारीक, मसुराच्या दाण्याएवढी, सुजेच्या आत दडलेली. वाईट जातीची. आणि जिथे कापलं त्या कडेपर्यंत पोचलेली, म्हणजे थोडी आत राहिलेली असणार. पुन्हा ऑपरेशन करून आतड्याचा तेवढा भाग काढायला लागेल. आत्ता काढला तर ती बरी. कळलंच नसतं तर दोन-चार वर्षांनी ती पोट धरून आली असती, आणि तेव्हा कोणाच्या हातात काही उरलं नसतं.

फोनवरून सांगायचं नाही, म्हणाले. गाडी काढली. मीही गेले.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत पांढऱ्या चादरींचे ढीग. ती उभी राहिली, डॉक्टर स्वतः आले म्हणून तिची धांदल, बसायला स्टूल पुसून दिलं. ह्यांनी तिला बसवलं, स्वतः उभे राहिले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. ती घडी घातलेली चादर मांडीवर घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "पण डॉक्टर, तुम्ही बरणी बघून म्हणाला होतात ना, साधं आहे म्हणून?"

"हो. मला दिसलं नाही."

"मग कुणाला दिसलं?"

"कुणालाच दिसण्यासारखं नव्हतं. तपासलं म्हणून कळलं."

तिने थोडा विचार केला. घाबरली होती, पण डोकं ठिकाणावर. "म्हणजे तुम्ही तपासायला पाठवलंत म्हणून मी वाचणार," म्हणाली आणि वाकून ह्यांच्या पाया पडू लागली.

ह्यांनी तिचे खांदे धरून तिला उठवलं. इतक्या जोरात, की मी दचकले. "माझ्या नाही," म्हणाले. "माझ्या मुळीच नाही. मॅडमला भेट. ऑपरेशन त्याच करतील. मी त्यांच्या समोर उभा असेन."

ह्यांच्या तोंडून चिमणीला 'त्या' पहिल्यांदा ऐकलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

हे जेवले नाहीत. भूक नाही म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

झालं. नीट झालं. चिमणीने केलं, हे टेबलाच्या पलीकडे मदतीला. आल्यावर मला म्हणाले, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. एवढंच. पण हे शब्द कमावायला लोकांना अख्खी नोकरी लागते.

तिच्या भावाला घरी जेवायला बोलावलं होतं. बिचारा तीनदा म्हणाला, किती उपकार झाले. मी म्हटलं, उपकार नाही रे, सगळ्यांचंच तपासतात आता.

१४ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आला. स्वच्छ! कडा स्वच्छ, बाकी कुठे काही नाही. पुढे औषधसुद्धा नाही, फक्त अधूनमधून तपासणी.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती बसून सूप पीत होती. माझं हसू थांबेना, तिचंही. घरचं नेलं होतं मी, डब्यातून. म्हणाली, चांगलं आहे, पण त्या दिवशीसारखं नाही.

परत येताना सगळ्यांचे मनातल्या मनात आभार मानले. चिमणीचे, तिने चिकाटी सोडली नाही म्हणून. सिस्टरांचे, त्यांनी शेवटची ओळ विचारली म्हणून. त्या वॉर्डबॉयच्या दुखऱ्या दाताचेही! माझ्या सुजलेल्या अपेंडिक्सचे. आणि ह्यांचे — एवढी वर्षं घट्ट धरून ठेवलेली मूठ एका सकाळी उघडली म्हणून. त्यांना तसं बोलूनही दाखवलं. अलीकडे फार गप्प असतात. थकले असतील.

१६ मार्च, रविवार

दुपारी जेवता जेवता हे थांबले. "तिची बरणी तेवढी वाचली," म्हणाले.

मी म्हटलं, हो ना. देवाचे किती आभार मानावेत.

ह्यांनी ताट पुढे सरकवलं. आणि मग मला कळलं, ते तिच्याबद्दल बोलतच नव्हते. तिच्या आधी न तपासता टाकलेल्या सगळ्या बरण्यांबद्दल बोलत होते.